निळी कंदफुले ओळखण्याआधीची तयारी

इंग्लंडमधल्या बागेत मार्चमध्ये उमलणारी निळी कंदफुले जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतात, म्हणून दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, पांढरा कागद आणि पावसाने अक्षरे पुसली जाणार नाहीत अशा पाट्या फेब्रुवारीतच जमवून ठेवाव्यात. केवळ छायाचित्रांवर विसंबू नये. कॅमेऱ्यात निळा रंग पुष्कळदा जांभळट उतरतो, आणि या फुलांच्या बाबतीत रंग हीच सर्वांत कच्ची खूण आहे.

सिला, कायोनोडॉक्सा आणि पुश्किनिया ही तीन कंदफुले सारखीच दिसतात, ती वेगळी ओळखताना नजर पुंकेसरांवर ठेवावी. सायबेरियन सिलाचे फूल मान खाली घालते, त्याच्या पाकळ्या बुडापर्यंत सुट्या असतात, केसरही वेगवेगळे पसरलेले असतात आणि कागदावर झटकल्यास पराग निळे पडतात. कायोनोडॉक्सा आभाळाकडे पाहते. तिच्या पाकळ्या तळाशी जुळून आखूड नळी होते आणि रुंद, पांढरे केसरतंतू एकमेकांना बिलगून मधोमध सुळका करतात. पुश्किनिया फिकट असते, पाकळीच्या मध्यावर गडद निळी रेघ असते आणि केसरतंतू जुळून इवलीशी वाटी तयार होते. वनस्पतिशास्त्रज्ञ आता कायोनोडॉक्साला सिलातच गणतात, त्यामुळे पाकिटावर या दोहोंपैकी कोणतेही नाव असले तरी ती विक्रेत्याची चूक समजू नये.

एप्रिल-मेमधल्या ब्लूबेलसाठी, म्हणजे घंटेच्या आकाराच्या निळ्या कंदफुलासाठी, मात्र अधिक वेळ राखून ठेवावा, कारण तिथे चूक महागात पडते. मूळच्या ब्रिटिश ब्लूबेलचा दांडा टोकाशी झुकतो, सुवासिक फुले बहुतेक एकाच बाजूला लोंबतात आणि पराग दुधाळ पांढरे असतात. स्पॅनिश ब्लूबेल ताठ उभी राहते, तिची फुले दांड्याच्या चहूबाजूंनी येतात, पराग बहुधा निळसर असतात आणि पाने रुंद, कधी तीन सेंटिमीटरहून अधिक भरतात. दोघींचा संकर सहज होतो, म्हणून एका खुणेवर निर्णय न देता निदान चार-पाच दांडे तपासावेत. बाग रानाला लागून असेल, तर स्पॅनिश किंवा संकरित कंद तिथे लावूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. नमुन्यासाठी रानातली ब्लूबेल उपटू नये. 1981 च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने तिला संरक्षण आहे.

पाटी फूल ताजे असतानाच त्या झुबक्याशी रोवावी, कारण उन्हाळ्यात पाने वाळून जातात आणि शरद ऋतूत, हातमोजे घालून कंद हलवताना, ती पाटीच तेवढी जागा दाखवते.