गॅडोलिनियम दिल्यावर टी-वन किती कमी होतो, हे कसं काढायचं

नागपूरच्या धंतोलीत एमआरआय शिकायला येणाऱ्या पोरांना मी आधी हेच सांगतो, की गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयसाठी शिरेतून देतात तो धातूचा कॉन्ट्रास्ट एजंट, स्वतः चमकत नाही बाप्पा, त्याचे ७ एकटे (जोडी नसलेले) इलेक्ट्रॉन शेजारच्या पाण्यातल्या प्रोटॉनला लवकर रिलॅक्स करतात, म्हणजे मूळ स्थितीत परत आणतात, आणि फोटोत दिसतो तो प्रोटॉनच.

आता हिशोब कसा करायचा ते पाहा. टी-वन, म्हणजे प्रोटॉनला असं रिलॅक्स व्हायला लागणारा वेळ, सेकंदात घ्या अन् उलटा करा, म्हणजे १ भागिले टी-वन, तो झाला रेट. समजा टिश्यूचा टी-वन १ सेकंद, तर रेट १. एजंटची रिलॅक्सिव्हिटी, म्हणजे दर मिलिमोलरमागे (लिटरमागे एक मिलिमोल) रेट किती वाढतो ते, साधारण ४ धरा, तिथं ०.५ मिलिमोलर पोचलं तर ४ गुणिले ०.५ म्हणजे २, हे त्या १ मध्ये मिळवा, ३ झाले, परत उलटा करा, टी-वन आला ०.३३ सेकंद. टी-वन जितका कमी तितका सिग्नल जास्त, म्हणून टी-वन वेटेड (टी-वनचा फरक दाखवणाऱ्या) फोटोत ती जागा पांढरी दिसते.

टी-टू, म्हणजे प्रोटॉनचा सिग्नल विरून जायला लागणारा वेळ, तो पण कमी होतो नं, हे विसरू नका! लघवीच्या पिशवीत एजंट घट्ट जमलं की तिथं उलट काळं दिसतं, नवीन पोरं हमखास घाबरतात.

डोस नेहमीचा किलोमागे ०.१ मिलिमोल, पण आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारी रक्ताची तपासणी, पाहूनच.