गाडीचं काळं प्लास्टिक पांढुरकं पडलंय?

उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकचा वरचा थर खराब होतो आणि बंपर, आरशांची कव्हरं करडी दिसू लागतात. पण आधी साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून बघा. कधीकधी ते नुसतं वाळलेलं पॉलिश असतं! तेल चोळलं की लगेच काळंभोर दिसतं खरं, पण त्यावर धूळ बसते आणि पावसात सगळं धुऊन जातं. हीट गनने (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) तापवलं तर त्याचा परिणामही तात्पुरताच, शिवाय जरा रेंगाळलात की प्लास्टिक वाकडं. टिकाऊ हवं तर सिरॅमिक किंवा रंगद्रव्य असलेला ट्रिम रिस्टोरर (अशा प्लास्टिकला पुन्हा काळेपणा देणारा लेप) घ्या. त्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसून टाका, नाहीतर तो धरणारच नाही. कडेच्या पेंटवर मास्किंग टेप लावा, काम सावलीत करा. थर पातळच द्या आणि जास्तीचा लगेच पुसा.