टू-स्ट्रोक क्वाडचा कार्ब: एअर स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

क्वाडचा (चार जाड चाकांच्या ऑफ-रोड गाडीचा) कार्ब, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, सेट करायचा म्हटलं की बहुतेक जण स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट एअर स्क्रू पिळायला लागतात. त्या स्क्रूची सत्ता आयडलिंगपासून फार तर पाव थ्रॉटलपर्यंत. पाव ते पाऊण निडल (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई) सांभाळते आणि त्यापुढे मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा, नंबर असलेला भोकाचा तुकडा). फुल थ्रॉटलला अडखळणारी गाडी एअर स्क्रू दिवसभर फिरवूनही सुधारणार नाही.

कार्ब साफ, फिल्टर धुऊन तेल लावलेला, इंजिन गरम, हे धरून चालू. जेटमध्ये तार घालू नका. भोक मोठं झालं की त्यावरच्या नंबरला अर्थ उरत नाही.

आधी हवा कुठून शिरते का बघा. आयडलवर ठेवून कार्ब आणि इंजिनमधल्या रबरी जोडावर कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारा, तापलेल्या सायलेन्सरपासून लांब. रेस बदलली तर जोड गेलाय. थ्रॉटल सोडूनही रेस वरच लटकत असेल तर क्रँकच्या ऑइल सीलवर संशय घ्या. गळक्या इंजिनाला जेट बदलत बसणं म्हणजे फुकटची मेहनत.

आता पेट्रोल. पंपावर हल्ली 20 टक्के इथेनॉलचं मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. जुन्या मॅन्युअलमधल्या नंबरपेक्षा एक-दोन नंबर मोठ्या मेन जेटने सुरुवात करा. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल 32:1, म्हणजे लिटरला साधारण 31 मिली. ‘सेफ्टीसाठी थोडं जास्त टाक’ हा सल्ला घातक आहे. जेटमधून जाणारा द्रव तेवढाच असतो. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल कमी झालं, म्हणजे गाडी आणखी लीन. प्रमाण बदललं तर जेटिंग पुन्हा पहिल्यापासून.

क्वाडला अंगठ्याचा थ्रॉटल असतो, त्यामुळे ‘अर्धा’ नेमका किती ते हाताला कळत नाही. इंजिन बंद करून फिल्टरकडचा रबरी पाइप काढा. कार्बचं तोंड 26 मिमी असेल तर 6.5 मिमीचं ड्रिल बिट निडलच्या बाजूने पार इंजिनकडच्या कडेपर्यंत सरकवा. स्लाइड (थ्रॉटल दाबला की वर उचलला जाणारा कार्बमधला पडदा) त्यावर टेकली की लिव्हरवर मार्करने रेघ मारा: ती पाव. 13 मिमीच्या बिटाने अर्धा. बिट बाहेर काढल्याशिवाय पाइप लावू नका!

आता मेन जेट, आणि घाई इथेच नडते. नवा प्लग लावा. सरळ, किंचित चढाची जागा बघा. तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल सात-आठ सेकंद धरा आणि थ्रॉटल न सोडता क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विच मारा. आधी थ्रॉटल सोडला की सगळं वाया. फेरफटका मारून आयडलवर थांबवलेल्या गाडीचा प्लग मेन जेटबद्दल काहीही सांगत नाही, त्यावर स्लो जेटचा (आयडलला पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटचा) रंग चढलेला असतो. टोकाकडे बघून ‘कलर मस्त आलाय’ म्हणणाऱ्याला हसून सोडून द्या. टॉर्च मारून पोर्सिलेनच्या पार मुळाशी बघा. तिथे दुधाच्या चहाच्या रंगाची बारीक कडी हवी. ओलं काळं असेल तर एक नंबर लहान. पांढरंफटक असेल तर दोन नंबर मोठा जेट टाकल्याशिवाय पुढची फेरी नाही. चंदेरी ठिपके दिसले तर तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे; हेड उघडा.

जेट लहान करत गेलं की गाडी दर वेळी जास्त तेज वाटते आणि मोह होतो. पिस्टन चिकटतो तो याच टप्प्यावर, कारण टू-स्ट्रोकमध्ये ऑइलही पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी म्हणजे गारवा कमी आणि वंगणही कमी. सगळ्यात तेज पळाली त्याच्यापेक्षा एक नंबर मोठा जेट ठेवा.

निडल सोपी: अर्ध्या रेघेवर भर्रभर्र करत असेल तर निडलवरची क्लिप एक खाच वर, दम तोडत असेल तर एक खाच खाली.

एअर स्क्रू हलक्या हाताने बंद करून दीड फेरा उघडा आणि रेस सगळ्यात वर जाते तिथे सोडा. फिल्टरकडच्या बाजूचा स्क्रू हवेचा, आत घेतला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनकडे असेल तर पेट्रोलचा आणि सगळं उलटं. हवेच्या स्क्रूचा सूर एका फेऱ्याच्या आतच लागला तर स्लो जेट मोठा हवा, अडीचच्या पुढे लागला तर लहान.

चाचणी ठाण्याच्या येऊरला नको, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरही नको. मुरबाड-शहापूरकडचं ओळखीचं शेत बरं. जुलैच्या दमट हवेत बसवलेला जेट जानेवारीच्या पहाटे तिथे लीन पडतो आणि माळशेज घाट चढलात तर रिच. म्हणून टूलकिटमध्ये एक नंबर मोठा, एक नंबर लहान जेट आणि प्लगचा पाना कायम ठेवा.