आजोबांचा घडीचा चाकू उघडतच नव्हता: अडकलेलं पातं असं सुटलं

लक्षण : पातं नखाच्या खाचेत धरून ओढलं तरी हलत नाही. वर गंज किरकोळ, पण पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्यापाशी तपकिरी, चिकट थर.

आमच्या परभणीकडच्या शेतात आजोबा याच चाकूनं ऊस सोलून द्यायचे, म्हणून तो मोडू द्यायचा नव्हता. आधी खोबरेल सोडलं, काही नाही. मग पक्कड लावली आणि पात्यावर ओरखडा उमटला. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

अडचण गंजाची नव्हतीच. घरात करडईचं तेल, तेच वर्षानुवर्षं चाकूला लावलेलं. हे तेल हवेत सुकतं आणि रंगासारखं घट्ट होतं. वर आणखी खाद्यतेल घालून ते सुटत नाही.

मग असं केलं. आधी खिळ्याच्या फटीतली माती लाकडी दातकोरणीनं काढली. चाकू खिळ्याकडून वाटीत उभा केला आणि फक्त सांधा बुडेल एवढं टर्पेंटाइन ओतलं. खिडकी उघडी, जवळ आग नाही. शिसवी मूठ आहे, म्हणून सबंध बुडवला नाही. रात्रभर ठेवला. सकाळी जाड कापडानं पातं पाठीकडून धरून केसभर उघडलं, केसभर मिटलं. पुन्हा दोन थेंब, पुन्हा तेच. घाई केली तर पाठीची स्प्रिंग तुटू शकते. तासाभरात पूर्ण उघडलं. काळा चिखल पुसला, कोरडं केलं आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला. ते खनिज तेल, सुकून चिकटत नाही.

पात्याला धार मुद्दाम लावली नाही. आजोबांनी घासून बारीक केलेलं ते तसंच राहू दे.