कॅन्सर होऊन गेलाय आणि आता कंबर दुखतेय? या चुका टाळा

ठाण्याहून रोज लोकलने जाणाऱ्याची कंबर दुखली की घरचे म्हणतात, गर्दीत उभं राहून धरली असेल. बहुतेकदा ते खरंही असतं. पण त्या माणसाला पूर्वी स्तनाचा, प्रोस्टेटचा, फुफ्फुसाचा, किडनीचा किंवा थायरॉइडचा कॅन्सर झालेला असेल, तर असा अंदाज घरच्या घरी बांधू नका. हे कॅन्सर हाडांत पसरण्याची शक्यता जास्त असते, आणि मणके, कमरेचं हाड, बरगड्या या त्यांच्या नेहमीच्या जागा.

सगळ्यात महागात पडते ती जुना आजार न सांगण्याची चूक. आईच्या स्तनाच्या ऑपरेशनला १० वर्षं झालेली, फाईल माळ्यावर गेलेली. हाडांच्या डॉक्टरांकडे ती फक्त "कंबर दुखते" म्हणते आणि सोबतचा मुलगाही गप्प बसतो. स्तनाचा कॅन्सर इतक्या वर्षांनीही हाडात डोकं वर काढू शकतो. फाईल सोबत न्या आणि ही गोष्ट सगळ्यात आधी सांगा.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका. हाड बरंच पोखरल्याशिवाय साध्या एक्स-रेत फरक दिसत नाही. आडवं पडूनही न थांबणारं, रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल तर एमआरआय किंवा बोन स्कॅनबद्दल विचारा. मात्र झिजलेला गुडघाही बोन स्कॅनमध्ये चमकतो, त्यामुळे रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या. निदान होईपर्यंत मालिश नको, मणके 'बसवून' घेणं तर मुळीच नको. पोखरलेला मणका त्याने मोडू शकतो.

जिना चढताना पाय लटपटू लागले, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मज्जारज्जू दबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, तुमचे उपचारही कदाचित तिथेच चालू असतील. पण तुम्ही घोडबंदरला राहत असाल तर आधी एमआरआयची सोय असलेलं जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा आणि वाटेतूनच आपल्या डॉक्टरांना फोन लावा. रुग्ण चालता असताना उपचार सुरू झाले तर चालणं टिकण्याची आशा चांगली असते. पाय पूर्ण गेले की ते परत येणं फार कठीण.

खूप तहान, बद्धकोष्ठता, बोलण्यात असंबद्धपणा हे सगळं एकत्र दिसलं तर चूर्ण देत बसू नका, त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम वाढलंय का ते तपासा. हाडांसाठीचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या, कारण ते चालू असताना दात काढला तर जबड्याची जखम भरत नाही, असं काहींच्या बाबतीत होतं.

दुखऱ्या हाडाला रेडिएशन (किरणोपचार) दिल्यानंतर पहिले काही दिवस दुखणं वाढू शकतं, आराम पडायला २-३ आठवडेही लागतात. तोवर डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं असेल तर "सवय लागेल" म्हणून लपवून ठेवू नका, ठरल्या वेळेला द्या. सोबत पोट साफ होण्याचं औषधही मागून घ्या.