रिमोटचा हॉट एअर बलून मैदानावर उभा करताना

रिमोटवर चालणारा हॉट एअर बलून दाखवायचा म्हटलं की लोक आधी रिमोटचंच विचारतात. रिमोटचं काम सगळ्यात सोपं. दोन सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर फिरणाऱ्या छोट्या मोटरी, असतात: एक बर्नरची झडप उघडतो, दुसरा माथ्यावरची हवा सोडायची झडप ओढतो. कसोटी लागते ती जमिनीवर पसरलेलं कापड उभं राहीपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत. फुगा आणि बर्नर तुमच्याकडे आहेत, प्रेक्षक नसताना चार-पाच वेळा उडवूनही झालाय, असं धरून चालतो.

परवानग्या आधी घ्या: मैदानाचे मालक, पोलीस ठाणे, अग्निशमन दल. जवळ विमानतळ असेल तर दुसरं मैदान शोधा.

दिवस थंडीतला आणि वेळ पहाटेची. ३० घनमीटरच्या फुग्यात १०० अंशांची हवा असेल आणि बाहेर १५ अंश असतील, तर समुद्रसपाटीला तो कापड, बर्नर, सिलिंडर धरून सुमारे ८ किलो उचलतो. बाहेर ३५ अंश असतील तर ६ किलोच. शिवाय ऊन चढलं की जमीन तापते आणि झुळुका सुटतात. म्हणून साडेआठच्या आत आवरतं घ्यायचं. संक्रांतीचा आठवडा मात्र टाळाच. आकाशात पतंग आणि मैदानभर मांजा असताना कापडाचा फुगा बाहेर काढू नये. वाऱ्यासाठी मी उदबत्ती लावून धरतो. धूर आडवा पळायला लागला की कार्यक्रम रद्द, मग समोर कितीही माणसं जमलेली असोत.

गॅसबद्दल एक सल्ला सर्रास दिला जातो: घरच्या लाल सिलिंडरमधून छोट्या सिलिंडरमध्ये गॅस उतरवून घ्या. हे बेकायदा आहे आणि जीवघेणंही. तो गॅस या कामाला बराही नाही. त्यात ब्युटेन असतो आणि ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळतो; प्रोपेन उणे ४२ अंशांना. थंडीच्या पहाटे दाब पडतो आणि ज्योत पिवळी, लोळणारी होते. बर्नर बनवणाऱ्याने सांगितलेलाच गॅस, त्यासाठीच्याच सिलिंडरमध्ये, अधिकृत ठिकाणाहून भरून घ्या.

फुग्याला तीन दोऱ्या, तीन दिशांना, वाळूच्या गोण्यांना बांधलेल्या. एका दोरीवर फुगा कलंडतो. दोरी १५ मीटरची असेल तर लोक २५ मीटरवर, आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला.

आता फुगा उभा करणं. पहिल्या वर्षी मी इथेच फसलो. एका शाळेचं मैदान होतं, पाहुणे येऊन बसले होते आणि मला सारखे निरोप येत होते. पंख्याने फुगा जेमतेम अर्धा भरला होता, तरी मी बर्नर पेटवला. आत लोंबत असलेली घडी ज्योतीच्या वाटेत आली आणि क्षणात पोळीएवढं भोक पडलं. नायलॉन जळताना वितळतं, त्याचे थेंब पडतात आणि कातडीला चिकटतात. फुग्याचं तोंड धरून उभ्या असलेल्या मुलाच्या हातात चामडी हातमोजे होते म्हणून त्याचा हात वाचला. तेव्हापासून मी मैदानात कुणाचाही निरोप घेत नाही.

पद्धत अशी. माथ्याची झडप नीट बसली आहे का ते आधी बघा. ती सुटलेली असेल तर पंखा कितीही फिरवा, फुगा भरणार नाही. मग पंख्याने थंड हवा भरत राहा, कापडावर एकही लोंबती घडी दिसेनाशी होईपर्यंत. ‘अर्धा भरला की पेटवा, बाकीचं गरम हवा करेल’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. तोंडाशी दोन माणसं, अंगात सुती कपडे आणि हातात चामडी मोजे, कापड ताणून गोल धरून. तिसरा माणूस माथ्याच्या दोरीवर, फुग्याच्या पलीकडच्या टोकाला. तो सर्वांत भरवशाचा हवा, कारण फुगा झटक्यात उठू न देणं हे त्याचं काम.

बर्नर फुग्याच्या पोटाच्या मधोमध रोखा. पहिली ज्योत एका सेकंदाची, मग थांबा. आत हवा फुगली की ती तोंडातून मागे ढकलली जाते आणि त्याच वेळी पुढची ज्योत सोडली तर ती धरणाऱ्यांच्या अंगावर येते. कापडाचा तो श्वास आत-बाहेर होऊन शांत झाला की दुसरी ज्योत. पंखा पहिल्या ज्योतीनंतर कमी करायचा, पण फुगा उचलायला लागेपर्यंत बंद करायचा नाही. माथा वर जाईल तसा बर्नरही वर वळवत न्या.

एवढा वेळ लोकांना गुंतवायला माईकवर चांगलं बोलणारं कुणी तरी बसवा. मोंगॉल्फिए बंधूंनी १७८३ मध्ये व्हर्सायला मेंढी, बदक आणि कोंबडा फुग्यातून वर पाठवले होते, ही गोष्ट मुलं तल्लीन होऊन ऐकतात.

वर गेल्यावर एकच लक्षात ठेवा: ज्योत सोडल्यावर फुगा काही सेकंदांनी उत्तर देतो. छोट्या ज्योती सोडा, वाट बघा. उडवण्याआधी रिमोट बंद करून पाहा, बर्नर आपोआप मिटला पाहिजे. माथ्याची झडप अशा वेळी उघडू नये. फुगा निवत निवत हळूच खाली येणं बरं.

उतरवताना आधी सिलिंडर बंद, नळीतला उरलेला गॅस जाळून टाका, मग झडप उघडा आणि माथ्याची दोरी वाऱ्याच्या दिशेने ओढून फुगा आडवा करा. कापड निवल्यावर मुलांना आतली हवा दाबून काढू द्या, त्यांना त्यातच सर्वांत मजा येते. पहाटेचं दव कापडात मुरलेलं असतं. तशीच घडी करून ठेवली तर बुरशी धरते, म्हणून त्याच दिवशी सावलीत वाळवा, उन्हात नको.