लग्नाविना वेगळे झालात आणि मुलाला घेऊन कोल्हापूर सोडायचंय? आधी हे करा

वेगळं होताना मूल कुणाकडे राहणार, यावर फारसा वाद होत नाही. आईला पुण्यात नोकरी लागते, बिऱ्हाड हलवायचं ठरतं आणि मग ठिणगी पडते. अशा वेळी पहिला प्रश्न एकच: मुलाबाबत न्यायालयाचा काही आदेश आहे का?

नसेल, आणि दोघं हिंदू असाल (यात बौद्ध, जैन, शीखही आले), तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ नुसार विवाहबाह्य मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, नंतर वडील. त्यामुळे आईला गाव बदलायला परवानगी लागत नाही. पण रातोरात निघून गेलात, तर उद्या तेच तुमच्या विरोधात वाचलं जातं. न्यायालय शेवटी मुलाचं हित बघतं, आणि वडिलांपासून मूल लपवणारी आई त्या तराजूत हलकी पडते.

आदेश असेल तर गोष्ट वेगळी. भेटीचे वार ठरलेले असतील तर आधी अर्ज, मग सामान. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम २६ प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला हद्दीबाहेर नेता येत नाही. अर्ज फेब्रुवारीतच टाका. एप्रिलमध्ये टाकला तर समोरच्याचं म्हणणं येईतो मे उजाडतो, उन्हाळी सुट्टी लागते, आणि जूनमध्ये नवी शाळा सुरू झाली तरी तुम्ही तारखेचीच वाट बघत असता.

अर्जासोबत नोकरीचं पत्र, नव्या घराचा भाडेकरार, शाळेच्या प्रवेशाची पावती आणि दिवसभर मुलाला कोण सांभाळणार, हे जोडा. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे भेटीचा आराखडा. ‘महिन्यातून दोनदा भेट’ असं मोघम लिहिलं की भांडण ठरलेलंच. असं लिहा: पहिला व तिसरा शनिवार, सकाळी ११ वाजता मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकशी खिडकीजवळ मूल सोपवायचं, रविवारी संध्याकाळी ५ ला तिथेच परत, बुधवारी साडेसातला व्हिडिओ कॉल, उन्हाळी सुट्टी निम्मी-निम्मी, तिकिटाचा खर्च कुणाचा, गाडी चुकली तर किती वेळ थांबायचं. हे दोघांना मान्य असेल तर नुसत्या नोटरीवर भागवू नका. तडजोड पुरसीस (दोघांच्या सहीचं तडजोडीचं लेखी निवेदन) करून न्यायालयात दाखल करा. मोडली तर नोटरीचा कागद हातात धरून बसावं लागतं. आदेशाची अंमलबजावणी मागता येते.

वडिलांसाठी: थांबू नका. त्याच १८९० च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे पालकत्वाचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात होतो. मूल पुण्यात रुळलं, शाळेत वर्ष काढलं, की कोल्हापूरच्या हद्दीवर हरकत आलीच. शहरातले असाल तर कौटुंबिक न्यायालय. चंदगड-गडहिंग्लजकडचे असाल तर हद्द आधी वकिलांकडून पक्की करून घ्या. जन्मदाखल्यावर तुमचं नाव नसेल तर पितृत्वाचा पुरावा आधी लागेल. शाळेत जाऊन मूल उचलून आणणं हा मात्र सगळ्यात वाईट मार्ग.

आणि वडिलांनी तसं केलंच तर? पोलीस बहुधा ‘कोर्टात जा’ म्हणतात, आणि ते अगदीच टोलवाटोलवी नसतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ मध्ये, विवाहबाह्य मुलाचा आपण बाप आहोत असं प्रामाणिकपणे मानणाऱ्याला अपहरणातून सूट आहे. हेतू अनैतिक किंवा बेकायदा असेल तरच ती जाते. तरीही लेखी तक्रार देऊन पोच घ्या. लगेच पालक व पाल्य कायद्याच्या कलम २५ खाली मुलाचा ताबा परत मागणारा अर्ज आणि अंतरिम ताब्याची मागणी करा. तातडी असेल तर हेबिअस कॉर्पस, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी उच्च न्यायालयातली याचिका; त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट नाही. मुलाच्या पोटगीचा अर्जही त्याच फेरीत टाका. आई-वडिलांचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा तो हक्क आहे.